सर्पगंधेची मात्रा



आज आपल्या शहरांतील पुष्कळ घरांत सकाळच्या चहाच्या पेल्याशेजारीं एक लहानशी गोळी ठेवलेली दिसते. आजोबा ती घेतात, बहुधा आजीही घेतात, आणि अलीकडे चाळिशी गांठलेले चिरंजीवही घेऊं लागलेले असतात. कसली गोळी, असें विचारलें तर "प्रेशरची" एवढेंच उत्तर मिळतें. शेजाऱ्यास वाटीभर साखर द्यावी तितक्या सहजपणें ती त्याला देऊंही केली जाते. इतकी परिचित झालेली ही वस्तु किती अलीकडची आहे याची मात्र फारशी कोणास कल्पना नसते. १९४५ सालीं अमेरिकेच्या अध्यक्षासही ती मिळण्यासारखी नव्हती.

मार्च १९४४ मध्यें फ्रँकलिन रूझवेल्ट यांस बेथेस्डा येथील नौदलाच्या रुग्णालयांत डॉ. हॉवर्ड ब्रुएन यांनीं तपासलें, तेव्हां त्यांचा रक्तदाब १८६ वर १०८ भरला. हृदय मोठें झालें होतें आणि धाप लागत होती. उपाय काय, तर विश्रांति, मीठ कमी, सिगारेटी कमी, हृदयासाठीं डिजिटॅलिस आणि मन शांत ठेवण्यास फिनोबार्बिटाल. पुढच्या फेब्रुवारींत याल्टाच्या परिषदेच्या सुमारास तोच आंकडा २६० वर १५० झाला. १२ एप्रिल १९४५ रोजीं वॉर्म स्प्रिंग्ज येथें डोक्यांत भयंकर कळ येऊन ते कोसळले, तेव्हां वरचा आंकडा ३०० पर्यंत गेला होता. मेंदूंत रक्तस्राव होऊन त्याच दिवशीं त्यांचा अंत झाला.

रक्ताचा दाब मोजतां येत नव्हता म्हणून असें झालें काय? तसें नव्हे. इंग्लंडमधील स्टीफन हेल्स या धर्मोपदेशकानें घोडीच्या धमनींत नळी घालून त्या नळींत रक्त आठ फुटांहून अधिक उंच चढतें हें दाखविलें, त्याचा ग्रंथ १७३३ सालीं प्रसिद्ध झाला. दंडाला पट्टा बांधून पाऱ्याच्या स्तंभावर दाब मोजण्याची युक्ति रिव्हा-रोच्ची या इटालियन वैद्यानें १८९६ सालीं काढली, आणि धमनीवर श्रवणनलिका ठेवून वरचा व खालचा असे दोन्ही आंकडे ऐकण्याची रीति कोरोटकॉव्ह या रशियन शल्यवैद्यानें १९०५ सालीं सांगितली. मोजण्याची सोय होती. कमी करण्याची नव्हती. शिवाय कित्येक नामांकित वैद्यांचा असा समज होता कीं, अरुंद झालेल्या धमन्यांतून रक्त पुढें ढकलावयास दाब वाढलेलाच बरा. तो उतरविला तर मेंदू आणि मूत्रपिंडें उपाशी राहतील. या विकारास इंग्रजींत जें नांव पडलें त्यांतही 'आवश्यक' या अर्थाची छाया उरली. विचार असा असल्यावर औषधाचा शोध करणार कोण? ज्यांनीं खटपट केली त्यांपैकीं डॉ. केंपनर यांनीं १९४४ सालीं अमेरिकेंत भात, फळें आणि साखर यांवर रोग्यांस ठेवण्याची पद्धति मांडली. तिचा गुण येई, पण महिनोन्महिने अळणी भात खाऊन राहणें पुष्कळांस रोगाहून कठीण वाटे.

आतां आपल्या रानाकडे वळूं. सर्पगंधेचें झुडूप फार तर हात-दीड हात उंच. पानें बहुधा तीन-तीनच्या झुबक्यानें येतात. फुलें पांढरीं, पण त्यांचे देंठ तांबडे. फळ पिकलें कीं काळेंजांभळें होतें. मुळी वाकडीतिकडी आणि चवीस अत्यंत कडू. हिमालयाच्या पायथ्यापासून ब्रह्मदेशापर्यंत आणि इकडे सह्याद्रीच्या ओलसर रानांतून कोंकणापर्यंत ती आढळते. मराठींत तिला हरकी किंवा अडकई असेंही म्हणतात. बिहारांत तिचें नांव 'पागल की दवा' असें आहे, आणि या एका नांवांत तिच्या लौकिक उपयोगाचा अर्धा इतिहास येऊन जातो. झोंप न येणें, वेडाचा झटका, ताप, सर्पदंश, अडलेलें बाळंतपण, अशा नाना प्रसंगीं ही मुळी उगाळून देत.

येथें एक खुलासा करावासा वाटतो. आपल्या पूर्वजांस रक्तदाबावरील हें औषध हजारों वर्षांपासून ठाऊक होतें, असें विधान आपण व्याख्यानांतून वारंवार ऐकतों. तें खरें नाहीं. सर्पगंधा हें नांव प्राचीन ग्रंथांत येतें, परंतु तेथें अभिप्रेत असलेली वनस्पति हीच कीं दुसरी, याविषयीं एकमत नाहीं. आणि रक्ताचा दाब ही कल्पनाच ज्या काळीं नव्हती त्या काळीं त्यावरील औषध असणार कसें? परंपरेनें आपल्या हातीं दिलें तें एवढेंच, कीं या मुळीनें चवताळलेला माणूस शांत होतो व झोंपतो. हेंही कांहीं थोडें नव्हे. त्यांतून पुढचा धागा काढणारे लोक विसाव्या शतकांत झाले.

परदेशीयांच्या दृष्टीस ही मुळी पडली तीही बहुधा आपल्याच भूमींत. गोव्यांत राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता यानें १५६३ सालीं गोव्यांतच छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथांत सर्पविषावरील लांकडांची व मुळ्यांची चर्चा केली आहे, आणि मुंगूस नागाशीं झुंजण्यापूर्वीं अशी वनस्पति खातें ही लोककथाही तींत आली आहे. त्या मुळ्यांपैकीं एक सर्पगंधा असावी असें अभ्यासक मानतात. वनस्पतिशास्त्रांतील तिचें नांव मात्र भलत्याच्याच पदरीं गेलें. फ्रेंच शास्त्रज्ञ प्ल्यूमिए यानें १७०३ सालीं या कुळास राउवोल्फ या सोळाव्या शतकांतील जर्मन वैद्याचें नांव दिलें. हा सद्गृहस्थ सीरिया आणि मेसोपोटेमियापर्यंत हिंडला. हिंदुस्थानांत त्यानें पाऊलही ठेवलें नव्हतें.

१९३१ हें सर्पगंधेच्या आयुष्यांतील मोठें वर्ष. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजांत सलीमुज्जमां सिद्दीकी व रफत हुसेन सिद्दीकी या रसायनशास्त्रज्ञांनीं मुळींतून पांच शुद्ध द्रव्यें वेगळीं काढलीं. त्यांपैकीं एकास त्यांनीं संस्थेचे संस्थापक हकीम अजमलखान यांच्या स्मरणार्थ अजमलीन असें नांव दिलें. त्याच वर्षीं कलकत्त्यास कविराज गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोहोंवर ही मुळी उपयोगी पडते, २० ते ३० ग्रेन चूर्ण दिलें असतां झोंप येते आणि दाबही उतरतो, असें त्यांनीं त्यांत सांगितलें. रक्तदाब आणि सर्पगंधा यांची गांठ बांधली गेली ती येथें. १९३३ सालीं रामनाथ चोप्रा व त्यांचे सहकारी यांनीं प्राण्यांवरील प्रयोगांनीं या म्हणण्यास पुष्टि दिली. पण हे निबंध हिंदुस्थानांतील नियतकालिकांत छापले गेले आणि समुद्रापलीकडे त्यांची दखल कोणी घेतली नाहीं. देशांत मात्र सर्पगंधेच्या गोळ्या बाजारांत आल्या व डॉक्टरमंडळी त्या देऊं लागली.

ही कोंडी फोडली मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं. ते परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत हृदयरोगांचे वैद्य होते. रक्तदाबाच्या ५० रोग्यांस त्यांनीं सर्पगंधेच्या गोळ्या देऊन दाबाच्या नोंदी ठेवल्या, आणि १९४९ सालीं लंडनच्या 'ब्रिटिश हार्ट जर्नल' मध्यें आपला निबंध प्रसिद्ध केला. आजच्या कसोटीस तो प्रयोग लहानच म्हणावा लागेल. परंतु त्याची थोरवी आंकड्यांत नाहीं. रोगी निवडावा कसा, औषध किती दिवस द्यावें, दाब किती उतरला, काय त्रास झाला, हें सर्व एका विश्वसनीय नियतकालिकांत कोणाही परक्या वैद्यास पडताळून पाहतां येईल अशा रीतीनें मांडलें गेलें, आणि परक्यांनीं तें खरोखरच पडताळून पाहिलें. बॉस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनीं हा निबंध वाचून हिंदुस्थानांतून गोळ्या मागविल्या आणि १९५० पासून आपल्या रोग्यांस त्या देऊन पाहिल्या. अमेरिकेंतील मानाचें लास्कर पारितोषिक वकील यांस १९५७ सालीं व विल्किन्स यांस त्यानंतरच्या वर्षीं मिळालें.

दरम्यान स्वित्झर्लंडमधील बाझल येथें सिबा या कारखान्याच्या प्रयोगशाळेंत म्युलर, श्लिटलर आणि बाइन या तिघांनीं मुळींतील खरें गुणकारी द्रव्य १९५२ सालीं हुडकून काढलें. त्याचें नांव रिसर्पिन. दिल्लींतील शास्त्रज्ञांच्या हातून तें निसटलें होतें, कारण सुंदर स्फटिक देणाऱ्या भागाकडे सर्वांचें लक्ष गेलें, आणि औषध दडलें होतें उरलेल्या चिकट राळेसारख्या भागांत! वर्ष-दोन वर्षांत रिसर्पिनच्या गोळ्या जगभर खपूं लागल्या. १९५६ सालीं हार्वर्डच्या वुडवर्ड यांनीं तें प्रयोगशाळेंत कृत्रिम रीतीनेंही तयार केलें.

येथपर्यंतची कथा आपणांस आवडते, व ती आपण अभिमानानें सांगतों. पुढची सांगण्याचें सहसा टाळतों, आणि माझ्या मतें खरी ऐकण्याजोगी तीच आहे.

रिसर्पिन शरीरांत काय करतें तें थोडक्यांत पाहूं. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांशीं एका द्रव्याचा साठा असतो. तंतूला हुकूम आला कीं त्यांतील थोडें बाहेर पडतें, धमनी आंवळते व हृदय जोरानें चालतें. रिसर्पिन या कोठारांचीं दारें अशीं निकामी करतें कीं त्यांत माल भरतांच येत नाहीं. जुना साठा हळूहळू संपतो, धमन्या सैलावतात आणि दाब उतरतो. 'हळूहळू' हा शब्द महत्त्वाचा आहे. आज गोळी घेतली म्हणून उद्यां गुण दिसत नाहीं. पुरा गुण दिसावयास दोन-तीन आठवडे लागतात. आणि गोळी बंद केली तरी रिकामीं कोठारें पुन्हां भरेपर्यंत परिणाम मागें रेंगाळतो. हें ज्यांना उमगलें नाहीं त्यांनीं काय केलें असेल याचा तर्क कोणासही करतां येईल. आठ दिवसांत आंकडा हलला नाहीं कीं मात्रा दुप्पट. तरी हलला नाहीं तर आणखी वाढवा. आणि महिन्यानें सगळ्या वाढींचा हिशेब एकदम पुढें येई.

तो हिशेब कसा होता? नाक चोंदणें, नाडी मंद होणें, जुलाब, पोटांत आम्ल वाढून जुना व्रण पुन्हां चिघळणें, हे तर झालेच. पण सर्वांत वाईट प्रकार मनाचा होता. चांगला कर्तासवरता माणूस महिना-दोन महिन्यांनीं गप्प बसूं लागे. पहाटे जाग येई, अन्नावरची वासना जाई, कशांत रस उरत नसे. घरच्यांस वाटे, वय झालें किंवा धंद्यांत खोट आली; चहाशेजारच्या त्या गोळीचा संशय कोणास येत नसे. कांहीं रोग्यांनीं आत्महत्येचे प्रयत्नही केले. एडवर्ड फ्राइस या अमेरिकन डॉक्टरांनीं, मोठ्या मात्रेंत दीर्घकाळ रिसर्पिन घेणाऱ्यांत असें नैराश्य येतें, हें १९५४ सालींच लिहून ठेवलें. ज्या मुळीचें नांव 'पागल की दवा', तिनेंच शहाण्यांचीं मनें काळवंडावीं, हा प्रकार वरवर विपरीत दिसतो. पण उत्तेजित मन जिनें निवतें तिनेंच आधीं निवलेलें मन विझूं शकतें, हें तर्कास धरूनच आहे.

फ्राइस यांनीं औषध टाकून दिलें नाहीं, मात्रा उतरविली. अमेरिकेंतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत त्यांच्या नेतृत्वाखालीं जो मोठा प्रयोग झाला त्याचा पहिला निकाल १९६७ सालीं आला. खालचा आंकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष त्यांत होते. निम्म्यांस एक मूत्रल औषध, थोडें रिसर्पिन आणि हायड्रॅलाझिन अशीं तीन औषधें, तर निम्म्यांस दिसावयास सारख्याच पण निर्गुण गोळ्या. निर्गुण गोळ्या घेणाऱ्यांत २७ जणांस गंभीर उपद्रव झाले आणि चौघे दगावले. औषध घेणाऱ्यांत उपद्रव दोघांस, मृत्यु एकही नाहीं. वाढलेला दाब 'आवश्यक' असतो ही जुनी समजूत या आंकड्यांनीं गाडली गेली. त्या मिश्रणांतील रिसर्पिन केवळ ०.१ मिलिग्रॅम, दिवसांतून दोनदां, एवढेंच होतें. पुढें १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृद्धांवरील मोठ्या प्रयोगांतही, जरूर पडल्यास द्यावयाचें दुसरें औषध म्हणून, त्याहूनही लहान मात्रेंत तें वापरलें गेलें. अशा लहान मात्रेंत नैराश्याचें भय पूर्वी वाटलें तितकें नाहीं असेंही नंतरच्या अभ्यासांत दिसून आलें.

मात्रा कमी होत जाण्याची ही कहाणी एकट्या सर्पगंधेची नाहीं. १९५८ च्या सुमारास मूत्रल गोळ्या आल्या. पहिल्या वर्षांत त्या भरमसाट मात्रेंत दिल्या जात आणि रोग्यांच्या रक्तांतील पोटॅशियम ढासळे. आज त्यांच्या चतुर्थांश मात्रेंतही तेंच काम भागतें. पुढें दाबाच्या औषधांत पुन्हां एकदां सर्प आला, या वेळीं नांवापुरता नव्हे तर प्रत्यक्ष. ब्राझीलमधील जराराका नांवाच्या घोणसासारख्या विषारी सर्पाच्या विषांत सर्जिओ फेरेरा यांनीं १९६५ सालीं एक विलक्षण द्रव्य दाखवून दिलें. तो धागा धरून अमेरिकेंत कशमन व ऑंडेट्टी यांनीं कॅप्टोप्रिल बनविलें, आणि १९८१ सालीं तें बाजारांत आलें. त्याच्याही आरंभीच्या मोठ्या मात्रांनीं अंगावर पुरळ उठे, जिभेची चव जाई, क्वचित् रक्तांतील पांढऱ्या पेशी घटत. मात्रा उतरविली आणि हे त्रास बहुतांशीं नाहींसे झाले.

रिसर्पिनच्या नशिबीं आणखी एक फेरा होता. सप्टेंबर १९७४ मध्यें 'लॅन्सेट' या नियतकालिकांत एकाच वेळीं तीन निबंध आले, आणि रिसर्पिन घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक आढळतो असें त्यांत म्हटलें होतें. बातमी वर्तमानपत्रांत गेली व हाहाकार उडाला. नंतरच्या अधिक काळजीपूर्वक अभ्यासांत हा संबंध टिकला नाहीं. पण तोंवर औषधाची पत गेली ती गेलीच. हें स्वस्त औषध आज पाश्चात्त्य देशांत जवळजवळ विस्मृतींत गेलें असून चीनमध्यें मात्र तें संयुक्त गोळ्यांतून अद्याप दिलें जातें. अशा वेळीं खरें नुकसान कोणाचें होतें? वर्तमानपत्र वाचून, डॉक्टरांस न विचारतां, ज्यांनीं गोळी एकाएकीं फेंकून दिली व दुसरी घेतली नाहीं, त्यांचें. दाब वाढला तरी तो दुखत नाहीं, हीच त्याची मोठी खोड. बरें वाटतें म्हणून गोळी सोडावी तर हृदयाची गति मंदावणाऱ्या औषधांच्या बाबतींत तें विशेष घातक ठरतें. तीं एकदम बंद केलीं असतां छातींत कळा सुरू होतात.

आपल्याकडे आज बहुधा अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, मूत्रल गोळी अशांपैकीं कांहीं दिलें जातें. अम्लोडिपिननें घोटे सुजतात. 'प्रिल' नें अंत होणाऱ्या नांवांच्या औषधांनीं कोरडा खोकला लागतो, आणि कित्येक घरांत त्या खोकल्यावर महिनोन्महिने आल्याचा काढा चाललेला असतो. गर्भवती स्त्रीनें 'प्रिल' व 'सार्टन' हीं दोन्ही कुळें टाळलींच पाहिजेत, कारण गर्भाच्या मूत्रपिंडांस तीं बाधतात; आणि हीं औषधें चालू असतां पोटॅशियमयुक्त 'हलकें मीठ' वैद्यास विचारल्यावांचून वापरूं नये. एखादे दिवशीं गोळी विसरली तर दुसरे दिवशीं दोन घेऊन ती भरपाई करूं नये. गुडघेदुखीसाठीं आपण दुकानांतून परस्पर आणलेल्या आयबुप्रोफेन वा डायक्लोफेनॅकच्या गोळ्या दाब चढवितात, हें तर पुष्कळांच्या गांवींही नसतें.

आणि सर्पगंधा? ती अजून गेलेली नाहीं. तिचें चूर्ण व गोळ्या आजही मिळतात, आणि 'झाडपाल्याचें औषध, त्याचा अपाय काय होणार' असें म्हणून तें नेहमींच्या गोळीच्या जोडीला घेणारे लोक आहेत. मुळीच्या वजनाचा सुमारें हजारावा हिस्सा किंवा कांहींसा अधिक भाग रिसर्पिन असतो, आणि तोही रान, ऋतु व मुळीचें वय यांप्रमाणें बदलतो. म्हणजे सपाट चमचाभर, दोन-तीन ग्रॅम, चूर्णांत आजच्या रोजच्या मात्रेच्या दहा-वीसपट औषध असूं शकतें. त्यांतील अंगीं किती लागेल याचा नेमही नाहीं. पूर्वी नैराश्याचा विकार झालेल्यानें, पोटांत व्रण असलेल्यानें, किंवा मनाच्या विकारावरील गोळ्या चालू असलेल्यानें तें मुळींच घेऊं नये. शस्त्रक्रियेपूर्वीं भूल देणाऱ्या डॉक्टरांस तर तें सांगितलेंच पाहिजे. आमचीं वडील माणसें ही गोष्ट लपवितात, कारण डॉक्टर रागावतील असें त्यांस वाटतें. डॉक्टरांनींही रागावण्यापेक्षां विचारण्याची संवय ठेवलेली बरी.

रानांतील झुडपाची गत काय झाली हें सांगून पुरें करतों. औषध मुळींत असल्यामुळें मुळी उपटली कीं झाड गेलें. आणि उपटण्याजोगी मुळी व्हावयास दोन-तीन वर्षें लागतात. १९५० नंतर जगाची मागणी इतकी वाढली कीं हिंदुस्थानच्या सरकारास निर्यातीवर निर्बंध घालावे लागले, आणि परदेशी कारखाने आफ्रिकेंतील याच कुळांतल्या दुसऱ्या एका झाडाकडे वळले. १९९० सालीं सर्पगंधेचें नांव, ज्या वन्य जातींचा व्यापार जगभर नियमानेंच व्हावा असें ठरलें आहे त्यांच्या आंतरराष्ट्रीय यादींत दाखल झालें. कोंकणांत ती आतां शोधावी लागते. लागवड करणाऱ्यांच्या वाफ्यांत मात्र पावसाळ्याच्या सुमारास तिचे तांबडे देंठ अजून दिसतात.